जुन्या मोटरहोमचा रंग : पैसे नेमके कशाचे लागतात?

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने गाडीच्या रंगावर काय बोलायचं? पण जरा विचार करा. ‘खर्च’ हा शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो आणि एकदाही त्याची व्याख्या करत नाही. पैसे गेले म्हणजे खर्च झाला, एवढंच आपल्याला ठाऊक. ते कशासाठी गेले, कुणाचे गेले आणि जे गेले ते सगळे बिलावर आले का, हे तीन प्रश्न राहूनच जातात. हे प्रश्न हवेत विचारण्यापेक्षा एखाद्या ठोस वस्तूवर विचारावेत, म्हणून आज आम्ही जुनी मोटरहोम निवडली आहे.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला बाक, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि हे सगळं एका व्हॅनच्या किंवा मिनीबसच्या सांगाड्यावर बसवलेलं. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे अधिक कानावर पडू लागला. आणि अशी गाडी बाळगायला मुंबईच्या माणसाला जागा नसते, ती सांडोरसारख्या गावात अजून थोडीफार आहे. वाडीच्या कडेला, नारळाच्या सावलीत गाडी उभी करता येते. पण हीच जागा गाडीच्या रंगाला मानवत नाही. वर झाडाचा चीक, पक्ष्यांची घाण, ओला पाला. आणि पश्चिमेकडून येणारा खारा वारा. दहा-बारा वर्षांत रंग पांढुरका पडतो, हात फिरवला की तळव्याला भुकटी लागते, सांध्यापाशी पोपडे सुटतात. मग मालक गॅरेजमध्ये जातो आणि विचारतो, ‘रंगवायचे किती घ्याल?’ एक जण सांगतो तीस हजार, दुसरा सांगतो पाऊण लाख, तिसरा लाखाच्या घरात जातो. गाडी तीच, रंग तोच. मग एवढा फरक कशाचा?

आजच्या व्याख्यानाचा मुद्दा सुरुवातीलाच सांगून ठेवतो. हा फरक रंगाचा नसतोच. रंगाखाली काय करायचं आणि कुणाच्या जिवावर करायचं, याचा तो फरक असतो.

आपले कोळी बांधव काय जाणतात

आपल्याकडे हे सगळ्यांत चांगलं कुणाला कळतं? पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या कोळ्यांना. जून आणि जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि नव्या हंगामाआधी त्यांची डागडुजी होते, रंग होतो. आपण लांबून बघतो तेव्हा आपल्याला निळा, तांबडा, पिवळा दिसतो. होडीवाल्याला विचारा. तो आधी फळ्यांचे सांधे बघतो, खिळे बघतो, कुजलेलं लाकूड काढतो, फटी भरतो. रंग शेवटी. त्याच्या दृष्टीने रंग म्हणजे लाकूड आणि खारं पाणी यांच्यामधला पहारेकरी. शोभा हा त्या पहारेकऱ्याचा गणवेश, इतकंच.

मोटरहोमचा मालक नेमका इथे चुकतो. तो गणवेशाचा भाव विचारतो, पहारेकऱ्याची चौकशीच करत नाही.

आधी अंग कोणतं ते बघा

मोटरहोमचं बाहेरचं अंग साधारण तीन प्रकारचं असतं. लोखंडी पत्रा, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फायबर. जुन्या गाडीत हे तिन्ही एकत्र सापडू शकतात. बाजू पत्र्याच्या, छत फायबरचं, कडेच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या. प्रत्येकाचा आजार वेगळा.

लोखंडाला गंज येतो आणि तो रंगाच्या खालून पसरतो. वर फुगवटा दिसायला लागतो तेव्हा आत तो बराच पुढे गेलेला असतो. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा घट्ट थर असतो आणि साधा प्रायमर त्याला नीट धरत नाही. त्यासाठी एच प्रायमर लागतो. फायबरवर मुळात रंग नसतोच. त्याच्या वर जेलकोट नावाचा थर असतो, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. उन्हाने तो भुकटतो. हा आजार वरवरचा असेल तर रंगाची गरजच नसते. पॉलिशने वरचा मेलेला थर काढला, मेण लावलं, की खालचा जेलकोट पुन्हा चमकतो. म्हणून पहिला सल्ला असा : रंगवायचे किती, हे विचारण्याआधी रंगवायलाच हवं का, हे विचारा. छताचा एक हातभर तुकडा पॉलिश करून बघा. चमक आली तर निम्मा खर्च तिथेच वाचला.

आणि छताचे सांधे, खिडक्यांची रबरं, व्हेंटच्या कडा. तिथून पाणी आत जात असेल तर बाहेरून कितीही रंग मारा, पत्रा आतून कुजत राहणार. गळती आधी, रंग नंतर. हा क्रम उलटा केला की पैसे पाण्यात जातात आणि पाणी गाडीत.

थोडं गणित करू

आता वही-पेन काढा. मध्यम आकाराची मोटरहोम धरू. लांबी ६ मीटर, रुंदी २ मीटर, अंगाची उंची २.२ मीटर. दोन बाजू मिळून २६.४ चौरस मीटर, छत १२, पुढची-मागची बाजू मिळून ८.८. बेरीज ४७.२. काचा, दारं-खिडक्यांच्या मोकळ्या जागा वजा केल्या की रंगवायचं अंग उरतं साधारण ४० चौरस मीटर. म्हणजे ४३० चौरस फूट. एखाद्या छोट्या फ्लॅटच्या चटई क्षेत्राएवढं.

याला रंग किती लागेल? गाडीला आजकाल मारतात तो दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘पीयू’. त्यात हार्डनर मिसळावा लागतो. दोन हात मिळून, सुकल्यावर ५० मायक्रॉनचा थर हवा असं धरू. म्हणजे जेमतेम माणसाच्या केसाएवढी जाडी! रंगातला निम्मा भाग सुकून अंगावर राहतो आणि निम्मा उडून जातो असं धरलं, तर एक लिटर रंग १० चौरस मीटरला पुरतो. ४० चौरस मीटरला ४ लिटर. झालं?

नाही झालं. गनमधून उडालेला सगळा रंग गाडीवर बसत नाही. जुन्या पद्धतीच्या, जोरदार हवेच्या गनमधून तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच रंग अंगावर बसतो. कमी दाबाच्या, चांगल्या गनमधून ६५ टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणजे चांगल्या गनने ४ लिटरचं काम ६ लिटरच्या थोडं वर जातं आणि जुन्या गनने, ३५ टक्के धरले तर, साडेअकरा लिटरच्या जवळ. हा सात-साडेसात लिटरचा फरक लक्षात ठेवा. तो कुठे गेला, हे आपण शेवटी विचारणार आहोत.

आता मनुष्यदिवस मोजू. दिवे, पट्ट्या, हँडल, आरसे सुटे करायला ४ दिवस. धुणं, तेलकटपणा काढणं, १. जुना रंग घासणं, गंज काढणं, १०. लांबी भरणं आणि ती पुन्हा घासून सपाट करणं, ८. प्रायमर मारणं आणि वॉटर पेपर फिरवणं, ४. कागद-टेपने झाकाझाक, २. रंग, २. पुन्हा जोडणी आणि पॉलिश, ४. एकूण ३५ मनुष्यदिवस. आणि त्यातले रंगाचे किती? दोन! उरलेले ३३ दिवस असं काम चालतं, जे गाडी परत मिळाल्यावर तुम्हाला दिसत नाही. दिसू नये, हेच त्या कामाचं यश.

रुपयांत मांडू. हे आकडे बाजारभाव नव्हेत, हिशेबाची रीत कळावी म्हणून सोयीचे धरलेले आहेत. तुमच्या गॅरेजचे आकडे त्या जागी घाला. दिवसाला १,००० रुपये मजुरी धरली तर ३५,०००. रंग, हार्डनर, थिनर १०,०००. प्रायमर, लांबी, पॉलिश पेपर, टेप, सीलंट १२,०००. जागा, वीज, कॉम्प्रेसर ८,०००. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचे १५,०००. बेरीज ८०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १४,४००. एकूण ९४,४००.

यात खऱ्या अर्थाने ‘रंगाचे’ किती? रंगाचे १०,००० आणि तो मारणाऱ्याच्या दोन दिवसांचे २,०००. म्हणजे ८० हजारांतले १२ हजार. पंधरा टक्के. उरलेले पंच्याऐंशी टक्के तुम्ही तयारीला, दुरुस्तीला आणि आजवरच्या हयगयीला देत असता.

ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट सांगितली आहे. वस्तूची खरी किंमत म्हणजे ती मिळवण्यासाठी पडणारे कष्ट. आपण रंगाच्या डब्यावरची छापील किंमत बघतो आणि म्हणतो, ‘एवढे पैसे कशाला?’ कष्ट डब्यावर छापलेले नसतात ना.

स्वस्त कोटेशनचं काय?

तीस हजारवाल्याकडे येऊ. तो खोटं बोलतो का? मुळीच नाही. तो फक्त त्या ३३ दिवसांतले बरेचसे दिवस गाळतो. दिवे काढत नाही, त्यांच्याभोवती टेप लावतो. गंज खरवडून काढत नाही, त्यावर लांबी थापतो. प्रायमर एक हात, वर साधा इनॅमल. गाडी घरी आली की शेजारी म्हणतात, ‘वा, नवी दिसते!’ आणि दुसरा पावसाळा संपता संपता कडा फुगायला लागतात.

समजा हा रंग दोन वर्षं टिकला आणि तीस हजार गेले, तर वर्षाला १५,००० पडले. पूर्ण कामाचा रंग आठ वर्षं टिकला, तर ९४,४०० भागिले ८, म्हणजे वर्षाला ११,८००. स्वस्त ते महाग पडलं. शिवाय तिसऱ्या वर्षी आधीचा फसलेला रंग काढायचे पैसे वेगळे.

पण इथे एक पथ्य आहे. हा भागाकार तेव्हाच खरा, जेव्हा गाडी स्वतः आठ वर्षं चालणार असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे फिटनेस तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि आपल्या राज्यात जुन्या गाडीवर पर्यावरण करही आहे. तेव्हा आधी इंजिन, चॅसी, ब्रेक यांची तपासणी करून घ्या. चॅसी खालून गंजली असेल तर लाखाचा रंग म्हणजे पडक्या वाड्याला नक्षीदार दरवाजा. अशा गाडीला दोन वर्षांचा इनॅमल पुरेसा आहे आणि तो निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल. महाग काम नेहमीच योग्य असतं असं नव्हे. काम आणि आयुष्य यांचा मेळ बसला पाहिजे.

छटा बदलायची हौस असेल तर आणखी एक गोष्ट. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलला तर आरटीओकडे अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. आणि ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, कितीही आवडला तरी चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. खर्चाच्या दृष्टीने बघाल तर साधा पांढरा सगळ्यांत बरा. तो खालचं चांगलं झाकतो, ऊन परतवतो आणि पुढे डाग पडला तर जुळवायला सोपा. मेटॅलिकला खाली बेसकोट आणि वर क्लिअर कोट असे दोन वेगळे थर लागतात, म्हणजे मजुरी वाढली.

वसईची हवा

आपल्या हवेबद्दल दोन शब्द. मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण पत्र्यावर ते बसलेलं असतं. ते तसंच ठेवून वर रंग मारला की ते हवेतलं पाणी रंगाच्या पडद्यातून आत ओढतं आणि रंगाखाली फोड येतात. म्हणून घासण्याआधी आणि घासल्यानंतरही गोड्या पाण्याने सगळी गाडी धुतलीच पाहिजे. एका दिवसाचं काम, पण इथे सगळ्यांत मोलाचं.

दुसरं, दमटपणा. पीयूमधला हार्डनर पाण्याशीही क्रिया करतो, त्यातून वायू सुटतो आणि रंगात बारीक बुडबुडे राहतात. नियम असा सांगतात की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर हवं. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये हे जमणं कठीण. गाडी दिवाळीनंतर द्या. घाईने जुलैत रंगवलेल्या गाडीचा हिशेब पुढच्या जुलैत होतो.

गाडी तीच राहते का?

आता थोडं आमच्या विषयाकडे येऊ द्या. आपल्या दर्शनांमध्ये रंगबदलावर एक जुना वाद आहे. कच्चं मडकं काळपट असतं, भट्टीतून निघालं की तांबडं. मग मडकं तेच का? वैशेषिक म्हणतात, उष्णतेने मडक्याचे परमाणू सुटे होतात, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळून नवं मडकं तयार होतं. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणतात, छे! मडकं फुटत नाही, अख्खं मडकंच आतबाहेर भाजून रंग बदलतं. हा पिठरपाक.

हा वाद रिकामटेकड्यांचा वाटेल. पण गॅरेजमध्ये या दोन भूमिका रोज भेटतात. एक पेंटर म्हणतो, गाडी आहे तशीच ठेवू, वरून रंग बदलू. दुसरा म्हणतो, सुटी करू, एकेक भाग बरा करू, मग जोडू. दर्शनात कोण बरोबर यावर शतकानुशतकं खल झाला, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं : रंग बाहेरून चिकटवलेला नाही, तो आतपर्यंत झालेल्या बदलाचा परिणाम आहे. गाडीचा रंग मात्र बाहेरून चिकटवलेलाच असतो. म्हणून ज्याला चिकटवायचं त्या अंगाची काळजी आपल्याला वेगळी करावी लागते. मडक्याला भट्टी करते ते काम इथे माणसाचे हात करतात.

बिलावर न येणारी ओळ

आणि आता तो हरवलेला रंग. जुन्या गनने साडेअकरा लिटर उडवले, त्यातले ४ गाडीवर बसले. उरलेले सात-साडेसात लिटर कुठे गेले? हवेत गेले. आणि त्या हवेत श्वास कोण घेत होतं? पेंटर आणि त्याचा मदतनीस.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. कामाच्या जागी होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांमध्ये त्यांची गणना होते. एकदा शरीर त्यांना संवेदनशील झालं, की पुढे अगदी थोडा वासही धाप लागायला पुरतो. तोंडाला बांधलेला रुमाल इथे शोभेचाही नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा, हातमोजे, डोळ्यांना झाकण आणि हवा खेचून घेणारी खोली, हे लागतं. वाळूचा कोरडा मारा करून गंज काढत असतील तर सिलिकोसिसचा धोका. जुना पिवळा किंवा नारिंगी रंग कोरडा घासला तर त्यातून शिशाची धूळ उडू शकते. आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी रंगातल्या शिशाला दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा घातली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गाड्यांचे आणि कारखान्यांचे रंग त्या नियमांच्या बाहेर आहेत.

पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट मांडली. व्यवहार करणाऱ्या दोघांच्या हिशेबात न येणारा खर्च तिसऱ्यावर पडतो. खर्च नाहीसा होत नाही, फक्त त्याचा खिसा बदलतो. तीस हजारांचं कोटेशन आणि पाऊण लाखाचं कोटेशन यांच्यातला काही फरक गाळलेल्या मजुरीचा असतो, हे आपण पाहिलं. उरलेला काही फरक कुणाच्या तरी फुप्फुसातून वसूल झालेला असू शकतो. कांटने म्हटलं होतं की काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा; ज्यांना प्रतिष्ठा असते त्यांच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही. पत्रा बदलून मिळतो. फुप्फुस नाही.

म्हणून गॅरेजमध्ये जाल तेव्हा भाव विचारण्याबरोबर तीन गोष्टी विचारा. गन कुठली वापरता? रंग मारताना मुखवटा कसला घालता? ओला घासता की कोरडा? आणि उत्तर समाधानकारक नसेल तर सांगा, ‘मुखवट्याचे आणि हवेचे पैसे बिलात वेगळी ओळ म्हणून लावा, आम्ही देतो.’ चांगल्या गनने रंग वाचतो, त्यातून ही ओळ बरीचशी भरून निघते. म्हणजे इथे नीती आणि हिशेब एकाच बाजूला उभे आहेत. असा योग नेहमी येत नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एक प्रश्न आला आहे : ‘रंगाऐवजी स्टिकर, म्हणजे व्हिनाइल रॅप लावला तर?’ अंग गुळगुळीत आणि निरोगी असेल तर उत्तम पर्याय. पण जुन्या गाडीच्या फुगवट्यावर आणि भुकटीवर तो धरत नाही. म्हणजे तयारी टळत नाहीच. आणि छटा बदलली तर आरटीओचा नियम इथेही लागू.

दुसरा प्रश्न : ‘आपण स्वतः घरी रोलरने रंगवला तर चालेल का?’ चालेल की. रोलरने रंग हवेत जवळजवळ उडत नाही, ही मोठी जमेची बाजू. एका घटकाचा, हार्डनर नसलेला चांगला इनॅमल घ्या, मोकळ्या हवेत काम करा, ओला कागद वापरून घासा. गनची तुळतुळीत चमक येणार नाही. पण घासण्याचे ते दहा दिवस स्वतःच्या हातांनी काढलेत, की त्यानंतर कुठल्याही पेंटरच्या बिलाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. आमच्या मते ते शिक्षण रोलरच्या किमतीत फार स्वस्त आहे.